दुर्बिणीवर आळ घेण्याआधी

नोव्हेंबर लागला की विस्कॉन्सिनमधल्या पेट्रोल पंपांवरच्या दुकानांतही भडक नारिंगी टोप्या आणि जाकिटं टांगलेली दिसू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, सूर्योदयापूर्वी अर्धा तास, या राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा मोसम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. साडेपाच लाखांच्या आसपास माणसं त्यासाठी परवाना काढतात. कमरेच्या वरचा निम्मा पोशाख तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी असला पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे त्या आठवड्यात महामार्गाने जाताना, कापणी झालेल्या मक्याच्या शेतांच्या कडेने हे रंग लांबूनही डोळ्यांत भरतात.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटेल. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे त्यात झालेल्या दुरुस्त्यांनंतर हौसेची शिकार कायद्याने संपली. ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. इथली परिस्थिती निराळी आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण इथे भरमसाट आहे, ते पिकं खातं, रात्री गाड्यांसमोर येतं, आणि कुठल्या जिल्ह्यात किती हरणं कमी व्हायला हवीत याचा हिशेब राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं दरवर्षी मांडतं. शिकार हा त्या हिशेबाचा भाग आहे. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. त्या वर्गात शिकवलेली एक गोष्ट सगळे मान्य करतात आणि पुष्कळजण विसरतात : गोळी कुठे लागणार हे ठाऊक नसेल, तर चाप ओढायचा नाही.

हा लेख त्या ‘ठाऊक असण्या’बद्दल आहे.

मोसमाच्या आधीचे दोन-तीन आठवडे गावोगावचे रायफल क्लब आपली मैदानं सर्वांसाठी उघडी ठेवतात. थोडे डॉलर भरायचे, बाकावर जागा घ्यायची, शंभर यार्डांवर कागद लावायचा आणि रायफलीचा झिरो तपासायचा. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंचांवर बसलेली असते. नजरेची रेष सरळ जाते, गोळीची वाट मात्र गुरुत्वाकर्षणामुळे कमानीसारखी वाकते. ठरावीक अंतरावर, बहुधा शंभर यार्डांवर, या दोन्ही वाटा एका बिंदूत मिळाव्यात म्हणून दुर्बिणीवरच्या दोन गुंड्या फिरवून आतली फुली जुळवून घेतात; हाच झिरो. एकदा हे जमलं की वर्षभर हात लावायची गरज पडू नये. पण काही रायफली जमलेलं टिकवत नाहीत. ऑगस्टमध्ये मधोमध लागणारी गोळी ऑक्टोबरमध्ये चार इंच डावीकडे जाते, गुंडी फिरवून ती मध्ये आणावी तर पुढच्या रविवारी उजवीकडे जाते.

चार इंचांनी काय बिघडतं? हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग आठ ते दहा इंच व्यासाचा असतो. शंभर यार्डांवर चार इंच चुकणारी गोळी दोनशे यार्डांवर आठ इंच चुकते, आणि छातीऐवजी पोटात किंवा पायात शिरते. असं हरीण तिथे पडत नाही. ते दलदलीत, झुडपांत निघून जातं आणि तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस तडफडत मरतं. माणसं विजेऱ्या घेऊन मध्यरात्रीपर्यंत रक्ताचा माग काढत फिरतात आणि बऱ्याचदा हात हलवत परततात. पुढे स्क्रू, रिंगा आणि स्प्रिंगांची जी चर्चा येईल, ती सगळी या एका कारणासाठी आहे.

मॅडिसन शहराच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये असलेल्या एका क्लबात मी अशा तपासणीच्या दिवशी गेलो होतो. सोबत किर्लोस्करवाडीचे एक गृहस्थ होते. वडील तिथल्या कारखान्यात फिटर, हे स्वतः यंत्र अभियंता, आता मिलवॉकीजवळ नोकरीला. नाव छापू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. एका सहकाऱ्याच्या शेतावर जाता-जाता त्यांना शिकारीची गोडी लागली. वर्षाला एक हरीण मिळालं तर डीप फ्रीझर भरतो आणि हिवाळाभर घरात तांबडा रस्सा होतो. त्यांची .३०८ काडतुसाची रायफल गेले काही महिने झिरो टिकवत नव्हती. त्यांनी दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा बदलल्या होत्या, काडतुसांचा ब्रँड बदलला होता आणि शेवटी दुर्बीणही नवी, दुप्पट किमतीची घेतली होती. हे सगळं एकाच आठवड्यात झालं होतं. रायफल तशीच राहिली होती.

“अहो, आता नळीच खराब निघाली म्हणायची,” ते गाडीत म्हणाले होते.

मैदानावर देखरेखीला एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले, बोटांच्या पेरांवर जुने व्रण. त्यांनी रायफलीला हातही लावला नाही. आधी कागद मागितला. किर्लोस्करवाडीकरांनी नुकत्याच झाडलेल्या गोळ्यांची भोकं त्यावर होती, एकंदर चार इंचांत विखुरलेली. म्हाताऱ्याने खिशातली पेन्सिल काढून डावीकडच्या भोकांभोवती एक वर्तुळ काढलं आणि उजवीकडच्यांभोवती दुसरं. दोन्ही वर्तुळं इंच-सव्वा इंचाची. दोन्हींच्या मध्यबिंदूंमध्ये तीन इंचांचं अंतर.

“हा एक वाईट ग्रुप नाही,” ते म्हणाले. “हे दोन चांगले ग्रुप आहेत.”

निदान तिथेच अर्धं झालं होतं. गोळ्या कशा चुकतात यावरून दोष कुठे शोधायचा ते कळतं, आणि बहुतेक माणसं नेमकं हेच पाहायचं सोडून पाकीट काढतात. गोळ्या उभ्या रेषेत विखुरल्या तर काडतुसांच्या वेगातला फरक, तापलेली नळी किंवा पुढच्या उशीवर रायफल टेकवण्याची बदलती जागा यांच्याकडे पाहायचं. आडव्या रेषेत विखुरल्या तर वारा, चाप ओढण्याची पद्धत, किंवा रायफल एका अंगाला कलती धरण्याची सवय. गोळीगणिक एकाच दिशेला सरकत गेल्या तर नळी तापत जाताना लाकडाला कुठेतरी घासते आहे. आणि दोन वेगवेगळ्या जागी नीटनेटके ग्रुप पडत असतील, तर रायफलीवर किंवा दुर्बिणीच्या आत एखादी अशी वस्तू आहे जिला बसायला दोन जागा आहेत. ती दर धक्क्याला या जागेवरून त्या जागेवर जाते. खराब नळी असे दोन सुबक ग्रुप सहसा पाडत नाही.

म्हाताऱ्याने बाकावर जुना टॉवेल पसरला, रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि दुर्बीण उतरवली. मग रिंगा. खाली राहिले दोन बेस, म्हणजे रायफलीच्या पाठीवर घट्ट बसवलेले दोन छोटे पोलादी तुकडे. एक पुढे, एक मागे, प्रत्येकाला दोन स्क्रू. टॉर्क रेंच लावला. चारही स्क्रू ठरलेल्या ताणाला टक्‌ वाजले. अंगठ्याने दाबून पाहिलं, काहीच हललं नाही.

किर्लोस्करवाडीकर माझ्याकडे पाहून म्हणाले, “हे मी घरी केलंय. सगळं टाइट आहे.”

आता म्हाताऱ्याने जे केलं, ते घरी कुणी करत नाही. पुढच्या बेसचे दोन्ही स्क्रू काढले, आणि त्यांतला एकच परत लावला, सगळ्यात पुढचा. टॉर्क रेंच टक्‌ वाजेपर्यंत आवळला. मग बेसला अंगठा लावून बाजूला रेटलं. बेस त्या स्क्रूभोवती गोल फिरला.

स्क्रू काढून त्यांनी तो आमच्या तळहातावर ठेवला. टोकाचा पहिला आटा चेपून चकचकीत झाला होता. या घडणीच्या रायफलींमध्ये सगळ्यात पुढचं भोक आरपार असतं आणि त्याच्या खाली नळीचे आटे येतात. स्क्रू दीड-दोन आटे लांब होता. बेसला दाबण्याआधीच त्याचं टोक नळीवर टेकत होतं. टॉर्क रेंच दाखवत होता तो ताण खरा होता, पण तो बेसवर पडत नव्हता, नळीवर पडत होता. बेस सगळा मिळून मागच्या एकाच स्क्रूवर उभा होता आणि त्याच्याभोवती केसभर डावी-उजवीकडे डोलत होता. बेसच्या पाकिटात बऱ्याचदा दोन लांबींचे स्क्रू येतात. पूर्वी कुणीतरी ते बसवताना अदलाबदल केली होती.

उपाय पाच मिनिटांचा होता. म्हाताऱ्याने स्क्रूवर आधी एक नट चढवला, मग स्क्रू शिकंज्यात धरून कानशीने टोक घासलं, आणि नट उलटा फिरवून काढला. नट बाहेर येताना घासलेल्या टोकावरचे आटे आपोआप साफ होतात. किर्लोस्करवाडीकर एकदम म्हणाले, “हे आमचे वडील करायचे!” मग भोकं आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने पुसले, कारण तेलकट आट्यांवर लॉकटाइट हा गोंद धरत नाही. निळ्या लॉकटाइटचा एक थेंब, प्रत्येक स्क्रू एकट्याने लावून बेस घट्ट बसतो का ते पाहिलं, मग जोडीने आवळले.

हे केसभर डोलणं किती असेल, याचा हिशेब मी तिथेच कागदावर केला आणि तो मला आजही विलक्षण वाटतो. शंभर यार्ड म्हणजे ३,६०० इंच. दोन रिंगांमधलं अंतर साधारण पाच इंच. म्हणजे रिंगेपाशी झालेली कुठलीही हालचाल लक्ष्यावर ७२० पटींनी मोठी होऊन दिसते. पुढची रिंग एक हजारांश इंच, कारखान्याच्या बोलीत एक थाऊ, सरकली तर शंभर यार्डांवर गोळी जवळजवळ पाऊण इंच सरकते. साध्या छपाईच्या कागदाची जाडी चार थाऊ असते. कागदाच्या जाडीएवढी हालचाल झाली की गोळी तीन इंच बाजूला. त्या दोन वर्तुळांच्या मध्यबिंदूंमधलं अंतरही तेवढंच होतं. नवी दुर्बीण घेण्यात खर्च झालेले पैसे ज्या दोषावर गेले, तो दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता.

म्हणून शोध खालून वर जायला हवा. आधी रायफल दस्त्यात घट्ट बसली आहे का, मग बेस, मग रिंगा, आणि सगळ्यात शेवटी दुर्बीण. उलट्या दिशेने सुरुवात केली की खर्च आधी होतो आणि कारण शेवटी सापडतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. किर्लोस्करवाडीकरांनी एकाच आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या. समजा रायफल त्यामुळे सुधारली असती, तरी कशामुळे सुधारली हे त्यांना कळलं नसतं.

घट्ट म्हणजे किती घट्ट, यातही गफलत होते. रिंगांच्या वरच्या टोपणांना बहुतेक उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड एवढाच ताण सांगतात. नेहमीच्या पान्याने, मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस त्याच्या दुप्पट सहज जातो. दुर्बिणीची नळी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि पातळ असते, ती चेपते. चेपली की आतली हलणारी नळी अडकते. मग गुंडी फिरवली तरी फुली हलत नाही, आणि दोन-तीन गोळ्यांच्या धक्क्याने अडकलेली नळी अचानक सुटून फुली एकदम उडी मारते. झिरो न टिकण्याचा हा प्रकार ‘सैल’ स्क्रूमुळे नसून जास्त आवळलेल्या स्क्रूमुळे होतो. स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली, तर पुढे कधीही स्क्रू फिरला आहे का ते नुसत्या नजरेने कळतं. मैदानावरच्या बऱ्याच जुन्या रायफलींवर लाल-गुलाबी रेघा दिसतात त्या याचसाठी.

दस्त्याचंही तसंच. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता सुंदर दिसतो, पण तो हवेतली ओल पितो आणि फुगतो. जुलैच्या दमट हवेत नळीपासून मोकळा असलेला पुढचा भाग ऑक्टोबरच्या पावसानंतर नळीला एका बाजूने टेकू लागतो, आणि गोळी विरुद्ध बाजूला जाते. इथले लोक डॉलरची नोट घेतात, नळी आणि लाकूड यांच्यामधून ती पुढच्या टोकापासून मागपर्यंत सरकवतात. जिथे अडते तिथे लाकूड टेकलेलं असतं. काही रायफलींत टोकापाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तिथे मात्र कानस चालवायला जाऊ नये. दस्ता आणि रायफल जोडणारे तळाचे दोन स्क्रू लाकूड सुकलं की ढिले पडतात. दुर्बिणीवर आळ येणाऱ्या कित्येक रायफली हे दोन स्क्रू आवळताच गप्प बसतात.

काडतुसांबद्दल थोडक्यात : वेगळ्या वजनाची गोळी वेगळ्या जागी लागणार. एकाच ब्रँडच्या दोन वेगवेगळ्या लॉटमध्येही फरक पडू शकतो. झिरो ज्या पेटीवर केला त्याच लॉटच्या पेट्या मोसमासाठी बाजूला ठेवाव्यात. तेल लावून ठेवलेल्या स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर जाऊ शकते. आणि हरणावर बहुधा पहिलीच गोळी झाडायची असते.

माणसाकडे वळायला कुणाला आवडत नाही, पण वळावं लागतं. .३०-०६ काडतुसाची आठ पाउंडांची रायफल खांद्यावर सुमारे २० फूट-पाउंडांचा दणका देते. काही गोळ्यांनंतर शरीर तो दणका आधीच ओळखतं आणि चाप ओढतानाच खांदा पुढे ढकलतं, डोळे मिटतात. झाडणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो. म्हणून सोबतच्याने त्याच्या नकळत मधूनच एक खोटं काडतूस भरायचं. खटका पडतो, बार होत नाही, आणि नळी खाली डुबकी मारताना सगळ्यांना दिसते. त्या दिवशी मैदानावर एका धिप्पाड तरुणाची रायफल याच रीतीने निर्दोष ठरली. त्याने काही न बोलता कानावरच्या मफच्या आत आणखी बोळे घातले आणि पुन्हा बाकावर बसला. त्याचं मला कौतुक वाटलं.

डोळा नेहमी एकाच जागी ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. शिकारीच्या साध्या दुर्बिणी साधारण शंभर ते दीडशे यार्डांसाठी पॅरलॅक्सपासून मुक्त केलेल्या असतात. त्याहून जवळ किंवा दूर पाहताना डोकं इकडेतिकडे हललं की फुलीही लक्ष्यावर तरंगताना दिसते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवून, तिला हात न लावता, नुसतं डोकं हलवून पाहिलं की हा दोष किती आहे ते दिसतं. दस्त्यावर गाल दरवेळी वेगळ्या जागी टेकणारा माणूस चांगल्या दुर्बिणीलाही बेभरवशाची ठरवतो.

आणि तीन गोळ्यांवर निकाल देण्याची घाई. दहा गोळ्या दीड इंचात टाकणारी चांगली रायफल घेतली, आणि तिच्या तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मोजले, तर त्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून अर्धा इंच सहज सरकलेले दिसतात. हा दोष नव्हे, विखुरण्याचा स्वभाव आहे. दर तीन गोळ्यांनंतर गुंडी दोन टिचक्या फिरवणारा माणूस त्या स्वभावाच्या मागे धावत राहतो आणि झिरो स्वतःच बिघडवतो. नळी थंड होऊ देत दहा गोळ्या झाडाव्यात, गुंडीला हात लावू नये, आणि मग मध्य काढावा. काडतुसं महाग आहेत हे खरं, तरीही दहा काडतुसांची किंमत नव्या दुर्बिणीपुढे काहीच नाही.

एवढं सगळं तपासून झालं आणि तरीही गोळी भटकत असेल, तेव्हा दुर्बिणीकडे वळायचं. आणि तेव्हा ती दोषी असू शकते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बाहेरच्या नळीच्या आत दुसरी एक लहान नळी असते. तिच्यात प्रतिमा सरळ करणारी भिंगं असतात. ती मागच्या टोकाला सांध्यावर टेकलेली असते आणि पुढचं टोक मोकळं. वरची गुंडी तिला खाली दाबते, बाजूची गुंडी आडवी ढकलते, आणि समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला या दोन्ही स्क्रूंवर दाबून ठेवते. झिरो टिकतो तो त्या स्प्रिंगच्या जोरावर. एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. वस्तुभिंगाचं नाभीय अंतर १२-१५ सेंटिमीटर धरलं, तर आत त्या एका टिचकीची हालचाल मिलिमीटरचा सुमारे शंभरावा भाग भरते. एवढ्या सूक्ष्म जागेवर ती नळी दर गोळीला गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट धक्का खाऊन परत तिथेच आली पाहिजे. स्प्रिंग कमजोर झाली, किंवा गुंडी पार टोकापर्यंत फिरवल्यामुळे स्प्रिंगला ताण उरला नाही, तर ती येत नाही. बेस वाकडा बसल्यामुळे सगळी दुरुस्ती गुंडीनेच ओढून घ्यावी लागलेल्या रायफलींत हे दिसतं. तिथे दुर्बीण बदलण्याआधी बेस सरळ करावा.

पडताळा घ्यायची एक स्वच्छ रीत आहे. झिरो केलेल्या रायफलीने पाच गोळ्या झाडायच्या. मग ठरावीक टिचक्या उजवीकडे, तेवढ्याच वर, तेवढ्याच डावीकडे, तेवढ्याच खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या झाडत पुन्हा मूळ जागी यायचं. कागदावर चौकोन पूर्ण झाला आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडला, तर गुंड्या बरोबर चालतात. पण गुंड्या बरोबर चालल्या तरी धक्क्याने झिरो हलू शकतो. त्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच रायफलीवर, त्याच रिंगांमध्ये, भरवशाची दुसरी दुर्बीण चढवायची. ग्रुप जागेवर बसला तर दोष पहिल्या दुर्बिणीत. तो तरीही भटकला तर दुर्बीण निर्दोष आहे आणि शोध पुन्हा खालून सुरू करायचा. दुसरी दुर्बीण मित्राकडून तासाभरासाठी उसनी मिळते. ती विकत घेण्याची गरज नाही. आतला दोष घरी उघडून दुरुस्त करू नये, कारण आत भरलेला कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन निघून जातो आणि पुढच्याच थंडीत भिंगांवर आतून वाफ धरते.

त्या वाफेने अमेरिकेतला एक मोठा उद्योग घडवला. दुर्बीण लावलेली रायफल काही नवी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये विल्यम माल्कम १८५५पासून रायफलीच्या दुर्बिणी बनवत होता. बिल वीव्हर याने १९३०मध्ये सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली आणि दुसऱ्या महायुद्धात तिचीच आवृत्ती अमेरिकी सैन्याच्या नेमबाजी रायफलींवर गेली. पण पाऊस-थंडीत या दुर्बिणी आतून धूसर होत. ऑरेगनमध्ये १९०७ साली सर्वेक्षणाची यंत्रं दुरुस्त करणारं ल्युपोल्ड यांचं दुकान सुरू झालं होतं. त्या घराण्यातल्या मार्कस ल्युपोल्डचं एक हरीण धूसर झालेल्या दुर्बिणीमुळे हातचं गेलं आणि तो म्हणाला, याहून चांगली दुर्बीण मी बनवेन. कंपनी स्वतः ही हकिकत सांगते. १९४७मध्ये त्यांची पहिली दुर्बीण आली, आणि हवा काढून नायट्रोजन भरण्याची पद्धत त्यांनी रुळवली. थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल दुरुस्त करणाऱ्या हातांकडून हे काम झालं, यात मला काही नवल वाटत नाही. जमवलेली रेघ हलू न देणं हाच त्या हातांचा धंदा होता.

महाराष्ट्रात रायफल नेमबाजी खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. त्या प्रकारात भिंगांची दुर्बीण लावायला परवानगीच नाही. बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरायचा, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. स्पर्धेआधी ‘साइटर’ म्हणजे गुण न धरता झाडायच्या गोळ्या मिळतात, त्या याच जुळवाजुळवीसाठी. हजारो गोळ्या एका जागी पाडण्याचा सराव करणारा खेळाडू आपल्या रायफलीचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासतो. वर्षातून एकदा रायफल बाहेर काढणाऱ्या माणसाला मात्र ती आपोआप बरोबर असेल असं वाटतं, आणि त्याच्या समोर कागद नसतो, जीव असतो.

दुपारी किर्लोस्करवाडीकर पुन्हा बाकावर बसले. जुनी दुर्बीण त्यांनी गाडीतून मागवली होती, तीच चढवली. दर तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ देत दहा गोळ्या झाडल्या. म्हाताऱ्याने पेन्सिल काढली आणि या वेळी एकच वर्तुळ काढलं, दीड इंचाचं. नवी दुर्बीण दुकानात परत गेली.

अमेरिकेत राहणारे जे मराठी वाचक शिकारीला जातात, किंवा पुढच्या वर्षी पहिल्यांदा जाणार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोसमाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका, सप्टेंबरमध्येच रायफल मैदानावर न्या. ती विमानातून आली असेल, भिंतीवरून घसरली असेल, दुर्बीण दाराच्या चौकटीवर आपटली असेल, तर पुन्हा न्या. इंच-पाउंडांचा टॉर्क रेंच विकत घ्या, तो नव्या चांगल्या दुर्बिणीपेक्षा स्वस्त पडतो. तपासणीच्या दिवशी क्लबात जुना-जाणता कुणीतरी असतोच, त्याला विचारायला संकोच करू नका. आणि झिरोबद्दल शंका उरली असेल, तर समोर कितीही मोठं हरीण उभं राहिलं तरी चाप ओढू नका.